शाळेचं प्रगतीपुस्तक

ह्यूस्टनच्या आसपास मराठी माणसं जमली की तीन प्रश्न हमखास निघतात. ग्रीन कार्डाचं कुठवर आलं? उन्हाळ्यात भारतात जाणार का? आणि तुमची शाळा कितीची? तिसरा प्रश्न नव्याने आलेल्यांना कळत नाही. कितीची म्हणजे काय, फी किती? अहो नाही, सरकारी शाळेला फी नसते. कितीची म्हणजे ए, बी, सी, डी की एफ!

इथे टेक्सासमध्ये मुलांना प्रगतीपुस्तक मिळतं तसं शाळेलाही मिळतं. राज्यात नऊ हजारांच्या आसपास सरकारी शाळा आहेत, त्यांना राज्याचं शिक्षण खातं इंग्रजी अक्षरांत ग्रेड देतं. ती वर्तमानपत्रात छापून येते, खात्याच्या वेबसाइटवर दिसते आणि रिअल इस्टेटवाल्या बाईंच्या तोंडी असते. घराच्या किमतीत ती आधीच मिसळलेली असते. एका रस्त्याच्या अलीकडची घरं एका शाळेत, पलीकडची दुसऱ्या. विटा त्याच, छप्पर तेच, आणि किमतीत फरक पडतो तो या अक्षराचा.

आमची शाळा सीची. :)

खरं तर गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या एकदम तीन ग्रेड आल्या. त्याची गोष्ट अशी. २०२३ मध्ये खात्याने मोजण्याचे नियम बदलले. हायस्कुलातली किती मुलं कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी तयार झाली हा त्यातला एक आकडा. त्यात ए मिळवायला आधी ६० टक्के पुरत होते, ते एकदम ८८ केले. ज्या मुलांचे आकडे धरायचे ती तर शाळा सोडून गेलेली! शंभराहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट कोर्टात गेले आणि निकाल अडकला. २०२४चाही अडकला. शेवटी २०२५च्या एप्रिलमध्ये २०२३च्या ग्रेड बाहेर आल्या आणि १५ ऑगस्टला २०२४ आणि २०२५च्या एकाच दिवशी. आमच्या शाळेला एप्रिलमध्ये डी आली, ऑगस्टमध्ये दोन्ही वर्षांची सी. म्हणजे एप्रिलमध्ये ज्या डीने सगळे पालक हादरले ती दोन वर्षांपूर्वीची होती. ती कमावणारी पाचवीची मुलं तोवर सातवीत पोचली होती.

पण अक्षर ते अक्षर. एप्रिलनंतर आमच्या गल्लीत दोन घरांपुढे विक्रीच्या पाट्या लागल्या. नवऱ्याचं म्हणणं, आपणही हलू या. लेक तेव्हा तिसरी संपवत होती. तो काही चुकीचं बोलत नव्हता. तो स्वतः लातूरकडच्या एका गावातून शाळेसाठी दहाव्या वर्षी मामाकडे राहायला गेलेला माणूस. चांगल्या शाळेसाठी घर सोडणं हा त्याच्या घरचा संस्कारच आहे. माझं मन मात्र होत नव्हतं. म्हटलं, आधी हे अक्षर बनतं कसं ते तरी नीट बघू. महिनाभर रात्री जागून बघितलं. त्यातलं थोडं इथे लिहून ठेवते, घरच्यांनाही सारखं सारखं सांगायला नको.

टेक्सासची ग्रेड तीन गोष्टींवरून ठरते. एक, मुलांना येतं किती. दोन, मागच्या वर्षीपेक्षा पुढे किती गेली. तीन, गरीब, इंग्रजी नव्याने शिकणारी, अपंग आणि वेगवेगळ्या वंशांची मुलं यांचं काय झालं. पहिल्या दोनांपैकी जो आकडा चांगला तो धरायचा, त्याला ७० टक्के वजन. तिसऱ्याला ३०. प्राथमिक आणि मिडल स्कूलमध्ये येतं किती हे फक्त स्टार नावाच्या परीक्षेवरून मोजतात. ती तिसरीपासून असते. हायस्कूलला परीक्षेबरोबर कॉलेज-नोकरीची तयारी आणि किती मुलं बारावी पूर्ण करून बाहेर पडली हेही धरतात.

कागदावर हे वाईट नाही हो. मला तर त्यातलं दोन नंबरचं कलम आवडलं. नुसतं येतं किती हे मोजलं तर पालकांचा पगारच मोजल्यासारखा होतो. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, जेवायला बसल्यावर कुणीतरी शाळेत काय झालं विचारतं, ते मूल शाळेत पाय ठेवण्याआधीच निम्मं पास झालेलं असतं. पुढे किती गेलं हे धरलं तर शाळेची मेहनत तरी दिसते.

हे सगळं आलं कुठून हे बघताना एक फार गोड गोष्ट सापडली. १९६५च्या ११ एप्रिलला प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन यांनी शाळांना केंद्राचे पैसे देणाऱ्या पहिल्या मोठ्या कायद्यावर सही केली. ती व्हाइट हाउसमध्ये नाही, तर टेक्सासमधल्या त्यांच्या गावाजवळच्या एकखोली शाळेपाशी. आणि शेजारी कोण बसलेलं? त्यांच्या पहिल्या शिक्षिका, केट लोनी! जॉन्सन स्वतःही तरुणपणी मेक्सिकन वस्तीतल्या मुलांना शिकवायचे. गरीब वस्तीतल्या शाळांना जादा पैसे, हा त्या कायद्याचा गाभा. पैसे गेले. पण मुलं शिकली का, हे विचारायची सोय त्यात फारशी नव्हती.

ती सोय राज्यांनी केली. टेक्सासने १९९३ मध्ये शाळांना दर्जे द्यायला सुरुवात केली, फ्लोरिडाने १९९९ मध्ये अक्षरं आणली. मग टेक्सासचे गव्हर्नर बुश प्रेसिडेंट झाले आणि टेक्सासचीच कल्पना देशभर गेली. ८ जानेवारी २००२ला त्यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, हायस्कुलात एकदा. २०१३-१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल पास झालं पाहिजे. प्रत्येक! शंभर टक्के! लागोपाठ दोन वर्षं लक्ष्य चुकलं की शाळेवर शिक्का आणि पालकांना दुसऱ्या शाळेत जायची मुभा. तिसऱ्या वर्षी फुकट शिकवणी. मग पायरीपायरीने शेवटी शाळेची पुनर्रचना.

शंभर टक्के जगात कुठे झालेत? आमच्या आईने हे ऐकलं आणि ती नुसती हसली. ती सातारा जिल्ह्यात बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. सरकारने ठरवलेल्या शंभर टक्क्यांची तिला चांगली ओळख आहे. पण या कायद्याने एक काम फार मोलाचं केलं, आणि त्याला शिव्या घालणारेही ते मान्य करतात. शाळेची नुसती सरासरी चालेना. काळ्या मुलांचे आकडे वेगळे, स्पॅनिश बोलणाऱ्यांचे वेगळे, अपंग मुलांचे वेगळे, गरिबांचे वेगळे द्यावे लागले. तोवर श्रीमंत उपनगरातल्या उत्तम शाळेच्या सरासरीत ही मुलं दिसायचीच नाहीत. वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेल्या मुलाचं नाव सरकारने पहिल्यांदा मोठ्याने विचारलं. हे मला फार मोठं वाटतं.

आता दुसरी बाजू. पास कशाला म्हणायचं, हे प्रत्येक राज्याने आपलं आपण ठरवायचं होतं. मग काय होणार? काही राज्यांनी रेघ अशी खाली ओढली की परीक्षेत बहुतेक मुलं पास. देशात नेप म्हणून एक वेगळी चाचणी होते, मोजकी मुलं निवडून. तिच्यात शाळेचं नाव नसतं, शिक्षा नसते, बक्षीस नसतं. त्याच राज्यातली मुलं तिच्यात धडाधड मागे पडलेली दिसायची. आपल्याकडे प्रथम संस्थेचा असर अहवाल २००५ पासून येतो, तोही याच जातीचा. घरोघरी जाऊन मुलाला दुसरीचा उतारा वाचायला देतात. शाळेचं नाव नाही, मास्तरांचं नाव नाही. म्हणून कुणाला खोटं बोलायचं कारण नाही. ताप बघायचा थर्मामीटर आणि वळ उठवायची छडी या दोन वस्तू वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. एकच वस्तू दोन्हीला वापरली की रुग्ण थर्मामीटर काखेतून काढून गार पाण्यात बुडवायला शिकतो.

आणि तसंच झालं. आमच्या ह्यूस्टनचंच घ्या. २०००च्या आसपास इथल्या शाळांचं देशभर कौतुक चाललं होतं, इथले सुपरिंटेंडंट बुश यांचे शिक्षणमंत्री झाले. २००३ मध्ये उघड झालं की शार्पस्टाऊन हायस्कुलातून एका वर्षात चारशेहून जास्त मुलं गेली होती आणि कागदावर शाळा सोडलेली मुलं मात्र शून्य! कुणी दुसऱ्या शाळेत गेलं, कुणी मायदेशी गेलं, असं काहीतरी लिहिलेलं. राज्याने तपासणी केली तेव्हा इतर शाळांतही तोच प्रकार निघाला. अटलांटात तर कहरच. तिथे शिक्षकच मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करत होते. २०११च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले, आणि तेही संघटित गुन्हेगारांसाठी केलेल्या कायद्याखाली. शाळामास्तर! वाचताना वाईट वाटलं. त्या मुलांना वाचता येत नव्हतं आणि कागद सांगत होता, येतं. म्हणजे त्यांना मिळायची ती मदतही गेली.

आईला हे सांगितलं तर तिने २०११च्या पटपडताळणीची आठवण काढली. ऑक्टोबरमध्ये तीन दिवस महाराष्ट्रभर एकाच वेळी मुलं मोजली होती, एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावून, मतदानासारखी. तुकडी मंजूर व्हायची तर पट हवा, तुकडीवर शिक्षकाचं पद, पटावर अनुदान. मग कितीतरी शाळांच्या हजेरीपटावर नसलेली मुलं शिकत होती. ती म्हणाली, "आमच्याकडे पटावर पैसा होता म्हणून पट फुगला. तुमच्याकडे मार्कांवर मान आहे म्हणून मार्क फुगले. माणूस काय, सगळीकडं सारखाच." यावर पीएचडीवाल्यांनी भलीमोठी पुस्तकं लिहिली आहेत.

फसवणूक हे टोक झालं. रोजचा प्रकार जास्त सभ्य असतो, आणि म्हणून मला जास्त टोचतो. परीक्षेच्या आधी मुलांचे तीन गट पडतात. हमखास पास होणारी, कुठल्याही परिस्थितीत न होणारी, आणि रेघेच्या जरा खाली असणारी. या तिसऱ्या गटाला इथे बबल किड्स म्हणतात. २००५ मध्ये टेक्सासमधल्याच एका प्राथमिक शाळेचा अभ्यास करून जेनिफर बुहर-जेनिंग्ज यांनी दाखवलं होतं की शिक्षकांचा वेळ या गटाकडे वळतो. कारण तिथे थोड्या मेहनतीत आकडा हलतो. अगदी तळाच्या मुलावर वर्षभर कष्ट घेतले तरी ते रेघेखालीच राहणार, मग शाळेच्या हातात काय? युद्धात जखमींची निवड करतात तसं.

त्या तळाच्या गटातला एक मुलगा मला माहीत आहे. मी घरून काम करते, तेव्हा बुधवारी जेवणाच्या सुट्टीत लेकीच्या शाळेच्या लायब्ररीत मुलांना वाचून दाखवायला आणि त्यांच्याकडून वाचून घ्यायला जाते. त्याला आपण मारिओ म्हणू. घरचे होंडुरासहून आलेले. गेल्या वर्षी चौथीत होता आणि सप्टेंबरमध्ये पहिलीच्या पुस्तकातही अडखळत होता. एक ओळ वाचली की माझ्या तोंडाकडे बघायचा, बरोबर का? मार्चपर्यंत तो बेडकाच्या गोष्टीचं पुस्तक सलग वाचायला लागला आणि मधेच थांबून, "मिस, हा बेडूक खोटं बोलतोय," म्हणाला. वाचणारं पोर गोष्टीतल्या पात्रावर शंका घ्यायला लागलं, म्हणजे ते वाचायला लागलं! मला त्या दिवशी कामात लक्ष लागेना.

स्टारचा निकाल आला. मारिओ नापास. पहिल्या कलमात त्याची किंमत शून्य, सप्टेंबरमध्ये होती तेवढीच. दुसऱ्या कलमात मात्र आता नापासाचेही खालचा आणि वरचा असे दोन कप्पे केलेत आणि खालच्यातून वरच्यात गेलेल्या मुलाचं शाळेला श्रेय मिळतं. मारिओ वर सरकला होता. म्हणजे आमच्या शाळेच्या त्या सीमध्ये एक कण बेडकाच्या गोष्टीचाही आहे! कुणीतरी खात्यात बसून असं कोष्टक बनवलं ज्यात मारिओ दिसतो. शिव्या घालताना हेही मांडायला हवं.

आता शिक्षेबद्दल. २०१५च्या डिसेंबरमध्ये ओबामांनी जुना कायदा बदलून नवा आणला. परीक्षा त्याच राहिल्या, पण शंभर टक्क्यांचा हट्ट गेला. केंद्राने एवढंच सांगितलं की गरीब वस्तीतल्या शाळांपैकी तळाच्या पाच टक्के आणि ज्या हायस्कुलातून ६७ टक्के मुलंही बारावी पुरी करत नाहीत त्या शोधा आणि सुधारा. कसं, ते राज्यांनी ठरवावं. टेक्सासचा स्वतःचा कायदा यापेक्षा कडक आहे. एक शाळा जरी लागोपाठ पाच वर्षं नापास झाली तरी राज्य ती शाळा बंद करू शकतं, नाहीतर अख्ख्या डिस्ट्रिक्टचा निवडून आलेला बोर्ड बाजूला करू शकतं.

१ जून २०२३ला ह्यूस्टनमध्ये हेच झालं. टेक्सासमधला सगळ्यात मोठा डिस्ट्रिक्ट. कारण प्रामुख्याने एका हायस्कुलाचं, व्हीटलीचं. कोर्टकज्ज्यात चार वर्षं गेली आणि ताबा घेतला तोवर व्हीटलीला सी मिळालेली होती! नवे सुपरिंटेंडंट राज्याने नेमले, माइक माइल्स. ठरलेल्या शाळांमध्ये पाठ ठरलेले, रोज छोट्या चाचण्या, ग्रंथपाल कमी झाले, कितीतरी लायब्ररी बंद झाल्या. अनेक शिक्षक सोडून गेले, मुलंही गेली. आणि २०२५च्या निकालात तिथे एफ मिळालेली एकही शाळा नाही. २०२३ मध्ये अशा पन्नासहून जास्त होत्या. राज्याने ताबा २०२७ पर्यंत वाढवला. आमचा डिस्ट्रिक्ट शेजारचा, त्यामुळे आम्ही हे कुंपणावरून बघतोय. तिथे राहणाऱ्या एका मैत्रिणीचं म्हणणं, तिच्या मुलाचं गणित खरंच सुधारलं. दुसरी म्हणते, माझ्या मुलीने वर्षभरात एक पूर्ण पुस्तक वाचलं नाही, नुसते उतारे. दोघी खरं बोलत आहेत. पण ज्या बोर्डाला त्यांनी मत दिलं होतं तो नाही, त्यामुळे दोघींनाही बैठकीत जाऊन कुणाला जाब विचारावा कळत नाही. जाब विचारण्याच्या पद्धतीनेच जाब विचारायची जागा काढून घेतली, हे काही मला पटत नाही.

इथेच आईने असा प्रश्न विचारला की माझ्या महिन्याभराच्या जागरणाचं सार निघालं. "शाळेला मार्क सरकार देतं. सरकारला कोण देतं गं?" टेक्सासमध्ये दर मुलामागे शाळेला मिळणारी मूळ रक्कम २०१९ मध्ये ६,१६० डॉलर ठरली आणि २०२५ पर्यंत तेवढीच राहिली. मधल्या काळात कोविड आला, महागाई आली, वीज, बस, पगार सगळं वाढलं. २०२५ मध्ये ती रक्कम ५५ डॉलरने वाढवली (बाकीचे पैसे मुख्यतः शिक्षकांच्या पगारांसाठी वेगळे दिले). त्या काळात शाळांसाठी ए मिळवायची रेघ मात्र वर सरकली. आता स्टारही जाणार आहे, २०२७-२८ पासून वर्षातून तीन छोट्या परीक्षा येणार. बरंच आहे, पण अक्षरं राहणारच.

माझं मत विचाराल तर अक्षरं काढून टाका असं मी म्हणणार नाही. ती नव्हती तेव्हा मारिओसारख्या मुलांचं कुणी काही विचारत नव्हतं. पण ग्रेड शाळेसाठी हाक असावी, पाटी नव्हे. डी आली की पुढच्याच महिन्यात त्या शाळेत दोन जादा वाचन-शिक्षक यावेत आणि तीन वर्षांनी त्यांच्या कामाचा हिशेब मागावा. आज डी आली की पहिल्यांदा येतात ती विक्रीच्या पाट्या लावणारी माणसं. ज्यांना जाणं परवडतं ते जातात. मागे राहतात त्यांची सरासरी आणखी खाली जाते. मग पुढच्या वर्षीचं अक्षर गेलेल्यांना बरोबर ठरवतं.

नवरा आणि मी यावर खूप भांडलो. तो म्हणतो, "समाजसुधारणा आपल्या पोरीच्या जिवावर नको." याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, आणि तो प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही अक्षर बाजूला ठेवून लेकीचा विचार केला. ती वाचते. गणितात तिला प्रश्न पडतात आणि ते विचारायला ती घाबरत नाही. तिच्या चौथीच्या बाई अकरा वर्षं याच शाळेत आहेत, डी आली तेव्हाही गेल्या नाहीत. ठरलं असं की पाचवी इथेच. मिडल स्कूलच्या वेळी पुन्हा बसायचं. तेव्हा अक्षराच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. शिक्षक टिकतात का, लायब्ररीत ग्रंथपाल आहे का, आणि तळाच्या मुलांचा आकडा दोन वर्षांत हलला का. हे तिन्ही आपलं मूल हुशार असो नसो, शाळा कशी आहे ते सांगतात.

नवऱ्याने अजून घरांच्या साइटवरचा अलर्ट बंद केलेला नाही, तेही सांगून ठेवते. दर शनिवारी सकाळी त्याच्या फोनवर टुणटुण वाजतं, ए शाळा, चार बेडरूम. आई चहा घेता घेता विचारते, "काय भाव आलाय आज ए चा?"